रिकामे उत्तर म्हणजे शून्य नव्हे

मॉनिटरिंगच्या, म्हणजे सेवा नीट चालल्या आहेत का यावर लक्ष ठेवण्याच्या, साधनांची आमची माहितीपुस्तिका एआय एजंटसाठी, म्हणजे साधने वापरून स्वतः काम करणाऱ्या एआय प्रोग्रामसाठी, नव्याने लिहायची ठरली, तेव्हा स्क्रीनशॉट काढून टाकणे आणि मजकूर आटोपशीर करणे एवढेच ते काम असेल, असा सर्वांचा समज होता. एखादी तक्रार किंवा अलर्ट आला की पहिली चौकशी एजंटने करावी आणि ड्युटीवरच्या अभियंत्याच्या हाती अहवाल द्यावा, अशी योजना होती. सेवांची मोजमापे (मेट्रिक) ठराविक वेळाने गोळा करून साठवणाऱ्या प्रोमीथियस या प्रणालीला प्रश्न विचारण्याची सोय त्याला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल या एआयला बाहेरच्या साधनांशी जोडणाऱ्या पद्धतीमार्फत करून दिली होती. अलर्ट गप्प करण्याचा अधिकार मात्र मुद्दामच दिला नव्हता.

रंगीत तालमीच्या दिवशी आम्ही चाचणीच्या सर्व्हरवरची पेमेंट सेवा स्वतःहून बंद केली, थोडा वेळ जाऊ दिला आणि 'पेमेंट होत नाही, कारण शोधा' एवढेच एजंटला सांगितले. थोड्याच वेळात त्याचा नीटनेटका अहवाल आला: गेल्या 15 मिनिटांत पेमेंट सेवेत एकही एरर नोंदला गेलेला नाही, सेवा सुरळीत चालू आहे, दोष बहुधा ग्राहकाच्या बाजूला असावा. बंद पडलेल्या सेवेला इतक्या ठामपणे निरोगी ठरवलेले वाचून आम्ही सगळेच थबकलो.

मी त्याने केलेल्या विचारणा एकेक करून पाहिल्या. क्वेरी, म्हणजे विचारलेला प्रश्न, अचूक होती, कोणत्या सेवेचे कोणते मोजमाप हे ओळखणारे लेबल बरोबर होते, कालावधीही योग्य होता. प्रोमीथियसचे उत्तर जेसन या मजकुराच्या ठराविक मांडणीत आले होते. त्यात स्थिती 'सक्सेस' होती आणि निकालाची यादी रिकामी होती. यातला 'सक्सेस' हा शब्द फक्त एवढेच सांगतो की क्वेरी चालली. सेवेविषयी तो काहीच सांगत नाही. आमचा कोणताही अभियंता आलेखावरची तुटलेली रेघ पाहून क्षणात सावध झाला असता. एजंटपुढे आलेख नव्हता, आणि पुस्तिकेत रिकाम्या यादीविषयी एक अक्षरही नव्हते. त्याने ती शून्य मानली.

'रिकामे उत्तर आले तर सेवा बंद समजावी' असे एक वाक्य घालून भागेल, असे एका सहकाऱ्याने सुचवले. ते मला पटले नाही, कारण तेही तितकेच चुकीचे ठरले असते. लेबल असलेला काउंटर (घटना मोजत जाणारा आकडा) कोडमध्ये आधी शून्यावर मांडून ठेवला नसेल, तर त्या लेबलचा पहिला एरर घडेपर्यंत त्याची मालिका, म्हणजे वेळोवेळी नोंदलेल्या मूल्यांची रांग, अस्तित्वातच येत नाही. म्हणजे उत्तम चाललेली सेवा आणि पूर्ण बंद पडलेली सेवा या दोन्हींकडून एजंटला तेच रिकामे उत्तर मिळू शकते. मला या संपूर्ण कामातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते, आणि नेमकी तीच पुस्तिकेत नव्हती.

दुपारी मी ते पान लिहायला घेतले. कोणत्याही रिकाम्या उत्तरावरून निष्कर्ष काढण्याआधी त्याच सेवेसाठी 'अप' हे मेट्रिक, म्हणजे सेवेकडून मोजमापे घेता आली की नाही याची प्रोमीथियसने केलेली नोंद, विचारावे, असा पहिला नियम लिहिला. त्याचे मूल्य 1 असेल तर मेट्रिक गोळा होत आहेत आणि त्या लेबलची नोंद प्रक्रिया सुरू झाल्यापासून झालेली नसावी, मात्र नाव किंवा लेबल चुकलेले नाही याची खात्री करून घ्यावी. 0 असेल तर सेवेपर्यंत पोहोचताच येत नाही. आणि 'अप'चीच मालिका मिळाली नाही, तर ते टार्गेट (मोजमापे जिथून घ्यायची ते ठिकाण) प्रोमीथियसच्या यादीतूनच निघून गेले आहे किंवा आपण नाव चुकीचे विचारले आहे. त्याखाली आणखी एक बारकावा नोंदवला. काउंटर किती वेगाने वाढतो हे काढणाऱ्या 'रेट' या फंक्शनला दिलेल्या कालावधीत किमान 2 नमुने (नोंदलेली मूल्ये) लागतात, त्यामुळे 5 मिनिटांचा कालावधी घेतला तर सेवा बंद पडल्यावरही काही मिनिटे जुन्या नमुन्यांवरून आकडा येत राहतो. म्हणून आकडा मिळाला एवढ्यावरून सेवा या क्षणी जिवंत आहे असे मानू नये.

'हे तर सगळ्यांनाच ठाऊक असते, इतके कशाला लिहायचे?' असे एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले. सगळ्यांना ते ठाऊक झाले ते शेजारी बसून, रात्री कोणाला तरी फोन करून. एजंटला मात्र तशी सोय नसते. जे पानावर नाही ते आमच्या यंत्रणेविषयी त्याला कळण्याचा दुसरा मार्ग नाही, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी ते पान पुन्हा वाचले आणि काउंटर आधीच शून्यावर मांडण्याची दुरुस्ती कोडमध्ये करून घेण्याचे काम स्वतःकडे घेतले. शक्य असेल तिथे संदिग्धता मुळातच नाहीशी करावी, हे त्यांचे म्हणणे रास्तच होते.

संध्याकाळी तालीम पुन्हा केली, आणि या वेळी पेमेंट सेवेचे टार्गेटही यादीतून काढून टाकले. एजंटने लिहिले: 'या सेवेसाठी अप मालिका मिळत नाही, त्यामुळे एरर होते की नव्हते हे सांगता येत नाही, आधी टार्गेटची यादी तपासावी.' अहवालात हे लिहिले जाणे मला कारण सापडण्याइतकेच मोलाचे वाटले. त्यानंतर पुस्तिकेतल्या प्रत्येक मेट्रिकपुढे 'रिकामे उत्तर आल्यास' असा रकाना घातला, आणि रांगेत साठणाऱ्या कामांच्या मेट्रिकपासून तो भरायला सुरुवात केली.