आजा दातानं तोडायचा

बाजारच्या दिवशी निपाणीतल्या माझ्या दवाखान्यात म्हशी, बोकड, कुत्री असा सगळा गोतावळा जमतो. त्या दिवशी एका पोरानं टेबलावर डॉबरमनचं पिल्लू ठेवलं. दोनेक महिन्यांचं, कान लोंबते, शेपटी विकणाऱ्यानंच उडवलेली.

"सर, कान तेवढं उभं करून द्या. ह्येला कोण डॉबरमन म्हणंल?"

मी नाही म्हटलं. 1960 च्या कायद्यानं अवयव छाटणं ही क्रूरता ठरते, हेही सांगितलं. ते त्याच्या डोक्यावरून गेलं. मग म्हटलं, ही जात तयार करणारा डोबरमन जर्मनीतल्या आपोल्डा गावात कर वसूल करायचा. त्याला सोबतीला राखणीचं कुत्रं हवं होतं. झटापटीत कुणाच्या हाताला लागू नयेत म्हणून कान-शेपटी छाटायची पद्धत. तुला कुठली वसुली करायची आहे? आणि जर्मनीत आता यावर बंदी आहे.

पोरगं हुशार. "मग भटक्या कुत्र्यांचं कान कापत्यात ते?"

प्रश्न चोख होता. नसबंदीच्या वेळी भूल असतानाच कानाला खाच पाडतात, तेच कुत्रं पुन्हा पकडलं जाऊ नये म्हणून. डॉबरमनचे कान कापल्यावर मात्र आठवडेच्या आठवडे पट्ट्या बांधाव्या लागतात, आणि ते सगळं कशासाठी, तर फोटोसाठी.

बाकावरचे धनगर बाबा मध्येच बोलले. "कानाचं ऱ्हाऊ द्या. शेपटीचा शेंडा मातूर उडवायलाच लागतोय, न्हाईतर कुत्रं पिसाळतंय. माझा आजा दातानं तोडायचा."

दातानं! इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोलुमेला या रोमन लेखकानं हेच लिहून ठेवलंय. पिल्लू 40 दिवसांचं झालं की शेपटीच्या टोकापर्यंत गेलेली शीर दातात धरून ओढून तोडावी. शेपटी बेढब वाढत नाही आणि पिसाळणंही टळतं. यातलं पिसाळण्याचं त्यानं स्वतःच्या अंगावर घेतलं नाही, पुष्कळ मेंढपाळ असं सांगतात म्हणून मोकळा झाला. त्याचे मेंढपाळ आणि आमचे बाबा, भीती एकच. पाश्चरची पिसाळण्यावरची लस 1885 ची. त्याआधी कुत्रं चावल्यावर रोग रोखायला काहीच नव्हतं, आणि तो अंगात भिनला की माणूस गेलाच. हातात दुसरं काही नसताना लोकांनी शेपटी कापली, यात मला नवल वाटत नाही. लस आल्यावरही कापत राहिले, याचं वाटतं.

बाबांना सांगितलं, रोग लाळेतून जखमेत शिरतो, नसांमधून मेंदूत चढतो. शेपटीचा संबंध नाही. त्यांनी वाद घातला नाही. "सुई कितीला?" एवढंच विचारलं.

पोरानं पिल्लू उचललं. "दुसरीकडं करून देत्यात," म्हणत गेला.

बाबा थांबले. "कुत्री हितं आणायला जमायचं न्हाई. तंबाखू काढलेल्या रानात मेंढरं बसवल्यात, दिस उगवायच्या आत या. आन् पांढऱ्याला आदी टोचा, त्यो धरू देत न्हाई."