नाकासमोर चालणारा

मे महिन्यातली दुपार, लाईट गेलेली, कूलर बंद. अशा वेळी परभणीत माणसं फरशीवर पाणी मारून आडवी होतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. सिंबा मात्र उठला, बेडरूममधल्या लोखंडी कपाटापाशी गेला आणि दाराच्या फटीला नाक लावून शेपूट हलवत उभा राहिला. हाकलला, परत आला. पुन्हा हाकलला, पुन्हा आला. शेवटी बायकोनं वैतागून कपाट उघडलं. पैठणीच्या घडीमागं पर्स, पर्समध्ये कागदाची पुडी आणि पुडीत दगड झालेला अर्धा बुंदीचा लाडू. कुणाच्या लग्नातला, हे आम्हा दोघांनाही आठवेना. सिंबाला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

सिंबा हा आमचा कुत्रा, बीगल जातीचा. मुलीनं हौसेनं आणला. पुढं ती नोकरीला पुण्याला गेली आणि हा आमच्याकडं राहिला. आपल्याकडं कितीतरी घरांत अशी पुण्याला गेलेल्या लेकरांची कुत्री आहेत. रोज रात्री व्हिडिओ कॉल लावायचा, कुत्र्याचं तोंड मोबाईलपुढं धरायचं, मग आमची विचारपूस. बीगल नीट सांभाळला तर बारा-पंधरा वर्षं जगतो. पोरगं अकरावीत असताना आणला, तर ते बोहल्यावर चढतं तेव्हाही कुत्रं घरात असतं. पोरगं नसतं.

कॉलनीतली पोरं त्याला बघून हरखतात. काका, आम्हालाबी असंच पायजे, कुठं मिळतं, खायला काय लागतं. त्यांना कान दिसतात, डोळे दिसतात. डोळे तर असे की कसल्याही कचेरीतला कारकून अडलेली फाईल मुकाट्यानं पुढं सरकवेल. मी म्हणतो, बाबांनो, डोळ्यांवर जाऊ नका, नाक बघा. माणसाच्या नाकात वासाच्या पेशी असतात पन्नास लाखांच्या आसपास; बीगलच्या नाकात बावीस कोटींच्या घरात सांगतात. म्हणजे आपल्या घरी आपण कुत्रं आणत नाही, एक नाक आणतो. त्याला चार पाय आहेत आणि ते जिकडं जाईल तिकडं बाकीचा बीगल जातो.

अमेरिकेनं या नाकाला सरकारी नोकरीच दिली. १९८४ साली लॉस एंजेलिसच्या विमानतळावर हिरवी जाकिटं घातलेले बीगल उभे राहिले, ते प्रवाशांच्या बॅगांतली फळं, भाज्या, मांस हुंगायला. वास लागला की ओरडायचं नाही, बॅगेशेजारी शांत बसायचं, एवढंच शिकवलेलं. मला तिथं नेहमी आपल्याकडची माणसं दिसतात. लेकीच्या बाळंतपणाला निघालेलं जोडपं, साडीत गुंडाळलेले घरच्या झाडाचे केशर आंबे, वर लोणच्याची बरणी, कुणाला कळतंय म्हणून निश्चिंत. आणि एक बीगल येऊन अदबीनं शेजारी बसतो. मराठवाड्याच्या केशरला भौगोलिक मानांकन आहे, हे त्याला सांगून उपयोग नाही.

साखळीशिवाय त्याला बाहेर नेऊ नये, हे पुस्तकातलं वाक्य आम्ही फेब्रुवारीत शिकलो. तुराबुल हक साहेबांच्या उरुसाचे दिवस, गाव माणसांनी फुललेलं. पेपरवाल्यानं फाटक उघडं टाकलं आणि सिंबा गेला. हाका मारल्या, बिस्किटाचा पुडा वाजवला. नाक जमिनीला टेकलं की कान मिटतात बहुधा. संध्याकाळी सापडला तो कुणाच्यातरी कंदुरीत, म्हणजे नवसाच्या बकऱ्याच्या जेवणात. तीन दगडांच्या चुलीवर मोठं पातेलं रटरटत होतं आणि हा जवळच्या लिंबाला उपरण्यानं बांधलेला, पुढ्यात पत्रावळ. ‘तुमचं हाय व्हय?’ एक म्हातारे गृहस्थ म्हणाले. ‘सकाळधरनं बसलंय. कुनाला तरास न्हाई दिला. जेवून जावा आता आल्यासारखं.’ जेवलो. दुसरं काय करणार.

मटण खाताना मला आजोळ आठवत होतं. अहमदपूरकडं आमच्या मामाच्या शेताला लागून एकाचं शेत होतं आणि त्याच्याकडं कारवानी होता. कारवानी हे खास आपल्याकडचं कुत्रं. उंच, पोट खपाटीला, तोंड निमुळतं, चालण्यात जहागीरदारी. तो डोळ्यांनी शिकार करतो. माघात ज्वारीची काढणी चाललेली, शेवटची पात उरलेली, आणि त्या पातीतून ससा निघाला. सशाच्या शिकारीला कायद्यानं बंदी आहे, पण कायदा कुत्र्याला कोण सांगणार? बायांनी विळे टाकले, आम्ही पोरं बांधावर चढलो. कारवानी पळाला तो अजून डोळ्यांपुढं आहे. आवाज नाही, धूळ तेवढी. ससा बांधापाशी आला आणि काटकोनात वळला. कारवानीला तेवढं वळता आलं नाही, तो चार हात पुढं गेला. तोवर ससा ओढ्यात. मग तो परत आला, बाभळीखाली बसला आणि कुणाकडंही बघेना. त्याचा मालकही कुणाकडं बघेना. दिवस मावळेपर्यंत दोघं त्या बाभळीखालीच होते. काढणी आम्हीच उरकली.

बीगलचा जन्मही सशासाठीच, पण इंग्लंडातला. तिथले शिकारी पायी चालायचे, पुढं बीगलांची टोळी. ससा दिसायची गरज नाही, तो मघाशी कुठून गेला एवढं पुरे. उंच गवतात कुत्री हरवू नयेत म्हणून शेपटीचं टोक पांढरं. सिंबाचंही आहे. आमच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर गाजरगवतात ते पांढरं टोक फिरताना दिसतं आणि पहाटे गेलेल्या मुंगसाचा माग बारा वाजेपर्यंत चालतो. एकदा मुंगूस स्वतः कुंपणावर बसून हे बघत होतं. यानं मान वर केली नाही.

टोळीत शिकार करणाऱ्याला मागच्या माणसांना कळवावं लागतं. म्हणून आवाज. हे पोरांना सांगितलं तर हसतात, त्यांच्या आयांना सांगितलं तर त्या विचारात पडतात. बीगल भुंकतो, रडतो आणि या दोन्हींच्या मधला एक लांबच लांब सूर काढतो, तो तीन गल्ल्या पलीकडं जातो. सकाळी घंटागाडीचं गाणं लागलं की हा अंगणात बसून मान वर करून साथ देतो. ते चालतं, लोक हसतात. अँब्युलन्सच्या सायरनला साथ देतो ते चालत नाही. आपल्याकडं कुत्रं रडणं म्हणजे काय, हे सांगायला नको. पलीकडच्या घरात एक आजोबा बरेच दिवस अंथरुणाला खिळलेले. एका रात्री हमरस्त्यावरून सायरन गेला आणि सिंबानं सूर लावला. सकाळी त्यांची सून फाटकात आली. भांडायला आली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, ‘काका, रात्री त्याला आत घेता येईल का?’ तेव्हापासून तो रात्री आमच्या खोलीत झोपतो. आजोबा अजून आहेत, चांगले चहाबिस्कीट खातात. पण ती रात्रीची हाक कुठल्या पुस्तकात लिहिलेली नसते.

एक वाक्य मला सहन होत नाही. ‘आमच्याला सगळं कळतं हो, फक्त बोलता येत नाही.’ प्रत्येक कुत्रेवाला हे म्हणतो आणि म्हणताना कौतुकानं कुत्र्याकडं बघतो. आमचं उलटं आहे. हा दिवसभर बोलतो आणि ‘सिंबा, ये’ एवढं त्याला कळत नाही. कळतं, पण त्यात खायला काय आहे हा त्याचा पुढचा प्रश्न असतो.

आईनं त्याचं नाव शंभू करून टाकलंय. लहानपणी तिच्या दारात कुत्रं होतं, ते उंबऱ्याच्या बाहेर, आणि भाकरीचा पहिला तुकडा त्याचा. खंडोबाचं कुत्रं, दत्ताच्या पायाशी कुत्री, त्यांना उपाशी ठेवायचं नाही ही तिची शिकवण. आता उंबरा गेला, कुत्रं सोफ्यावर आलं, शिकवण तीच राहिली. बीगलला पोट भरल्याचं कळत नाही. तो नऊ ते अकरा किलोचा शोभतो. आमचा मागच्या दिवाळीनंतर पंधरावर गेला होता. व्हेटरनरी कॉलेजात नेला. डॉक्टरांनी वरून बघितलं, बाजूनं बघितलं आणि विचारलं, ‘काका, याची कंबर कुठंय?’ वजन वाढलं की पाठीचा कणा, सांधे, सगळं कुरकुरतं म्हणाले. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट कुत्र्याला विषासारखंच. आता आईला शिऱ्यातले बेदाणे वेचून काढावे लागतात. मुळात शिराच द्यायचा नाही, हे सांगायची माझी हिंमत नाही.

बाकी गोष्टी कुणीही सांगेल. लोंबत्या कानांत हवा जात नाही, पावसाळ्यात ते कुजकट वास मारायला लागतात, आठवड्याला पुसायचे. गोचीड रोज बघायची, तिचा ताप वाईट. फिरवायचं ते उजाडायच्या आत आणि रात्री आठनंतर, मधल्या वेळात डांबरावर हात टेकवून बघा म्हणजे कळेल. अंगावरचे केस उन्हाळा आला म्हणून भादरायचे नाहीत. पिल्लू दोन महिन्यांच्या आत विकायचं नाही असा २०१७ चा केंद्राचा नियम आहे. तरी खोक्यात घालून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पाठवलेली, डोळे जेमतेम उघडलेली पिल्लं सकाळी स्टँडवर उतरतात. तसलं घेऊ नका.

आणि कान ओढायचे नाहीत. १९६४ साली अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी आपल्या बीगलला कान धरून उचललं, फोटो छापून आला आणि देशभर ओरड झाली. त्या बीगलचं नाव ‘हिम’, म्हणजे इंग्रजीतलं ‘त्याला’, आणि त्याच्या बहिणीचं ‘हर’, म्हणजे ‘तिला’. अध्यक्षाला याहून बरं नाव सुचू नये! आमच्या कॉलनीतली पोरंही सिंबाचे कान ओढतात. तो डोळे मिटून घेतो. दोन वर्षांच्या नातवानं त्याच्या तोंडात हात घालून हाडूक काढलं, तरी हा बघत राहिला. लेकराबाळांच्या घरात बीगल घ्यावा म्हणतात ते यासाठी.

याच गुणानं त्याचा घातही केला. औषधांच्या चाचण्यांसाठी जगभर कुत्री वापरतात, त्यात बीगलच जास्त. अंगानं लहान, स्वभावानं गरीब, टोळीत राहायची सवय. २०२२ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियातल्या एका पैदास केंद्रातून कोर्टाच्या आदेशानं सुमारे चार हजार बीगल बाहेर काढले आणि घराघरांत दिले. प्रयोगशाळांना पुरवायलाच ती तिथं वाढवलेली. ती बातमी मुलीनं पाठवली होती. आईला वाचून दाखवली. सिंबा तिच्या पायाशी होता.

‘एवढ्यातल्या एकानंबी कुनाला चावलं न्हाई?’ तिनं विचारलं.

‘चावत न्हाईत म्हणूनच घेतेत, आई.’