सुरूच्या शेंड्यावरचा काकण

बडोद्याच्या दांडिया बाजारातून निघताना आई म्हणाली, "अरे, पक्षी काय आपल्या वढवाण्याला कमी आहेत?" मुळीच नाहीत. १९१० साली बडोदा संस्थानानं बांधलेल्या त्या तळ्यावरच मी कॅमेरा धरायला शिकलो. पण मला काकण हवा होता, पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड. तो सहसा किनारा सोडत नाही, म्हणून वेंगुर्ला गाठलं.

पहिली सकाळ वाया गेली. एसीच्या खोलीतून लेन्स तशीच बाहेर काढली आणि दमट हवेनं काच क्षणात धुरकटली. पुसली, पुन्हा धुरकटली. दुसऱ्या दिवशी बॅग पहाटेच बंद ठेवून ओसरीवर ठेवली, तासाभरात लेन्स हवेला सरावली.

मग तो आला. जवळजवळ दोन मीटरचे पंख, पायांत चमकणारा मासा. शटर १/२००० वर होतं, एक्स्पोजर थोडं उतरवलेलं. नाहीतर उन्हात त्याची पांढरी छाती नुसती जळून जाते. सुरूच्या शेंड्यावर बसून त्यानं मासा एका पंजाखाली दाबला आणि डोक्याकडून फाडायला लागला. खवले वाऱ्यावर उडत होते.

घरटं जवळच असावं. मी पुढं गेलो नाही, कोणी जाऊही नये. बुजलेली जोडी अंडी सोडून जाते. आईला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला, "मासा कुठला रे?"