आई, आपण कुठल्या चौकोनात?

लेकीला शाळेतून वर्कशीट आलं होतं, तीन चौकोन, शहर, उपनगर आणि गाव, आणि खाली चित्रं, ती कापून त्या त्या चौकोनात चिकटवायची. उंच बिल्डिंग, बैलगाडी, विहीर, मॉल, झोपडी, पुढे बाग असलेला एक बंगला. दुसरीत आहे ती. पटापट चिकटवून मोकळी झाली, आणि मग हाताला डिंक तसाच, मला विचारते, "आई, आपण कुठल्या चौकोनात?"

आम्ही डोंबिवलीत राहतो. चौथा मजला, खाली पोळीभाजी केंद्र, समोर रिक्षा स्टँड, बंगला नाही न बाग नाही. उपनगराच्या चौकोनात आमच्यासारखं काहीच नव्हतं. आणि घरात 'उपनगर' हा शब्द आम्ही कधी वापरतच नाही हो, बाबा सकाळी "मुंबईला" जातात, परळची मावशी फोर्टात निघाली की "टाऊनला जाते" म्हणते, आणि मे महिन्यात सगळे "गावाला" जातात. आपल्याकडे गाव म्हणजे नुसतं खेडं नाही ना, "तुमचं गाव कुठलं" हे आपण मुंबईत जन्मलेल्या माणसालाही विचारतो आणि त्याच्याकडे उत्तर असतं. मुलं हे ऐकतच मोठी होतात, मग चौकोन बघून गोंधळतात यात त्यांची काय चूक.

खरं तर मोठ्यांचाही हिशोब सोपा नाही. 2011 च्या जनगणनेत महापालिका, नगरपालिका असलेलं ठिकाण शहरी धरलं, आणि त्या नसल्या तरी निदान 5000 वस्ती, काम करणाऱ्या पुरुषांतले 75 टक्के शेतीबाहेर आणि चौरस किलोमीटरला 400 माणसं असली तरी ते शहरीच. कागदावरचा मुंबई उपनगर जिल्हा 1990 साली झाला, त्यात वांद्रं, अंधेरी, बोरिवली येतात, पण डोंबिवली येत नाही, ती ठाणे जिल्ह्यात. आणि आमच्या शेजारची ती 27 गावं, 2002 ला महापालिकेतून बाहेर काढली, 2015 ला परत आत घेतली, घरं तिथेच, माणसं तीच. सात वर्षांच्या पोरीला हे सगळं सांगितलं नाही, एवढंच म्हटलं की कचऱ्याच्या गाडीवर काय लिहिलंय बघ, महानगरपालिका का ग्रामपंचायत. तेव्हापासून कुठेही गेलो की आधी गाडी शोधते.

मग एका रविवारी तिला कसारा लोकलमध्ये बसवलं. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीचं माहेर आसनगावपासून थोडं आत आहे, तिची आई कधीची बोलवत होती. कल्याण सोडलं, शहाड, आंबिवली, टिटवाळा, तोपर्यंत खिडकीतून बिल्डिंगाच बिल्डिंगा, मग मधेच शेत, पुन्हा टॉवर, पुन्हा शेत. ती वाट बघत होती की आता शहर संपेल आणि गाव सुरू होईल, पण तशी रेघ काही आलीच नाही. खडवलीला भातसा नदी दिसली, वासिंद गेलं, आसनगावला उतरलो. आमच्याबरोबर दोन बायका रिकाम्या पाट्या घेऊन उतरल्या, पहाटेच्या गाडीने कल्याणला भाजी विकायला गेलेल्या. लेक त्या पाट्यांकडे बघतच राहिली, मग हळूच म्हणाली, "आपली भाजी?" असेलही गं.

लावणीचे दिवस होते. मैत्रिणीच्या आईने, म्हणजे आता आमच्या आजीनेच, तिच्या हातात रोपांची मूठ दिली, वाकून चिखलात रोप कसं खोचायचं ते दाखवलं. दोन-तीन बोटांत धरायचं, मुळं चिखलात जातील एवढंच दाबायचं, फार खोल नाही. हिची पहिली चार रोपं आडवी झाली, पाचवं उभं राहिलं. घरात टीव्ही, मोबाईल, फ्रिज सगळं होतं, नातू कॉलेजला रोज लोकलने कल्याणला जातो. वर्कशीटमधली बैलगाडी काही दिसली नाही, पॉवर टिलर दिसला.

पण तिथलं माझ्या डोक्यात राहिलंय ते पाणी. तानसा धरण 1892 सालचं, भातसा धरण नंतरचं, दोन्ही आसनगावच्याच शहापूर तालुक्यातली, दोन्हींचं पाणी मुंबईला जातं, सगळ्यात मोठा वाटा भातसाचा. आणि याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर येतो. आजी सहज बोलून गेली, "धरण आमच्या उशाशी, नि हंडा आमच्याच डोक्यावर." लेकीने ऐकलं. परत येताना विचारलं, मग परळच्या मावशीच्या नळाला येतं ते यांचं पाणी का? मी हो म्हटलं. मला वाटतं लहान आहे म्हणून हे लपवू नये. गाव म्हणजे मागे राहिलेलं आणि शहर म्हणजे पुढे गेलेलं असं चित्र एकदा डोक्यात बसलं की ते निघत नाही, त्यापेक्षा कोण कोणाला काय देतं आणि त्याला बदल्यात काय मिळतं हे लवकर कळलेलं बरं. त्यावर ती काही बोलली नाही, खिडकीबाहेर बघत बसली.

घरी आल्यावर तिने स्वतःच नवीन चित्र काढलं. चौकोन नाहीत, एक लांब रेल्वेलाईन, एका टोकाला धरण, दुसऱ्या टोकाला मावशीचा नळ, मधे आमची बिल्डिंग, पाट्या घेतलेल्या दोन बायका आणि आडवी झालेली चार रोपं. शाळेत दाखवलं, बाईंनी भिंतीवर लावलंय.

आता दुसरा खेळ सुरू झालाय, मुंबईच्या नावातलं गाव शोधायचं. गिरगाव, माझगाव, नायगाव, गोरेगाव एवढी झाली, गावदेवी धरायची की नाही यावर घरात अजून वाद चालू आहे. तुम्हाला आणखी सुचली तर नक्की सांगा, यादी फ्रिजवर लावलीय.