कारवान फ्लॅटमध्ये राहील का? तुम्ही विचारलंत म्हणून

कारवान फ्लॅटमध्ये पाळला तर चालेल का, हे मला सारखं कोणीतरी विचारतं. कारवान म्हणजे जत-सांगोल्याकडे आणि पलीकडे कर्नाटकात मुधोळला दिसतो तो उंच सडपातळ शिकारी कुत्रा, मुधोळ हाऊंड म्हणतात तो हाच. मुधोळच्या घोरपडे राजांनी ही जात जोपासली, माळावर सशामागे पळण्यासाठी.

तर, घर लहान असलं तरी चालतं. घरात तो भलताच शांत असतो, जाड गोधडी टाकून द्या, दुपारभर पडून राहील. पण रोज बंदिस्त मोकळ्या जागेत सुसाट पळायला मिळालंच पाहिजे, साखळी धरून सोसायटीला चार चकरा मारल्या आणि झालं असं नाही. बंदिस्तच का, तर हा नजरेवर शिकार करतो, लांब मांजर नाहीतर कोंबडी हलली की निघाला, मग तुम्ही कितीही हाका मारा, आणि रस्त्यावर गाड्या असतात हो! पट्टाही बघून घ्या, डोकं निमुळतं असल्यामुळे साधा पट्टा मागे खेचला की सहज निघतो.

2016 ला लष्कराने मुधोळची पिल्लं मेरठला ट्रेनिंगला नेली, तेव्हापासून बरेच जण राखणीसाठी मागतात. राखण करतो, पण घरच्यांपुरताच मोकळा असतो, पाहुण्यांनी येता येता डोक्यावर हात फिरवलेला त्याला आवडत नाही आणि त्यात त्याचं काही चुकत नाही असं माझं ठाम मत आहे. पिल्लू असल्यापासून वेगवेगळ्या माणसांत न्या, हळूहळू. ओरडून, मारून तर काहीच शिकत नाही, उलट तुमच्यापासून लांब राहायला लागतो.

बरगड्या दिसतात म्हणून दूध-चपाती कोंबणारे लोक बघितले की मला खरंच वाईट वाटतं, दोन-तीन बरगड्या दिसणं हीच त्याची तब्येत, जाड झाला की पळताना सगळा भार पायांवर येतो. आणि ऑपरेशनची वेळ आली तर डॉक्टरांना आधीच सांगा की हा ग्रेहाऊंडसारख्या अंगाचा कुत्रा आहे, चरबी कमी असलेल्या अशा जातींना भुलीची काही औषधं जड जातात.

तेव्हा फ्लॅट किती स्क्वेअर फूट ते मला नका सांगू, जवळ कुंपणाचं मैदान आहे का आणि रोज सकाळी त्याला तिथे कोण नेणार, तेवढं सांगा.