‘खरंच तर सांगतोय!’ ही गीबतीची सबब

इस्लाममध्ये बोलण्यावर नुसती बंधनंच आहेत, असं मानणाऱ्यांनी एक हदीस (पैगंबरांचं वचन) आठवावी: जुलमी सत्ताधीशासमोर न्यायाचं बोलणं हा श्रेष्ठ जिहाद. लगाम आहे तो दुसरीकडे. कुरआनातल्या सूरह हुजुरात या अध्यायाची ६वी आयत (ओवी) सांगते, बेभरवशाच्या माणसाने बातमी आणली तर आधी खातरजमा करा. (फॉरवर्ड करणाऱ्यांनी इथे थांबावं.) १२वी आयत संशय, पाळत आणि गीबत (पाठीमागे उणं बोलणं) एका दमात रोखते.

गल्लत होते ती गीबतीत. पाठीमागे कुणाची त्याला न आवडणारी खरी गोष्ट सांगणं, हीच गीबत. खोटी असेल तर तो बोहतान, म्हणजे त्याहून वाईट. हदीसचे विद्वान इमाम नववींनी गीबतीला सहा अपवाद दिलेत: अन्यायाविरुद्ध दाद मागणं, वाईट थांबवायला मदत मागणं, फतवा (धर्मशास्त्राचं मत) विचारणं, लोकांना सावध करणं, उघडपणे पाप करणाऱ्याच्या त्या पापाबद्दल बोलणं आणि निव्वळ ओळख पटवण्यापुरतं कुणाचं वर्णन करणं. तेव्हा अत्याचाराची तक्रार करणाऱ्याला ‘गीबत नको’ म्हणून गप्प करणं सरळ चूक. सावध करतानाही माप हवं: लग्नाच्या स्थळाबद्दल कुणी सल्ला विचारला आणि ‘नको’ एवढ्याने भागत असेल, तर उणीदुणी उकरू नयेत.