इंग्रजीतली अवतरणचिन्हं: स्वल्पविराम आत की बाहेर?

मराठीत विचार करून इंग्रजी लिहिणाऱ्याच्या हातून हे वाक्य हमखास उतरतं:

ही सेड दॅट “आय विल कम टुमॉरो.”

(उदाहरणं देवनागरीत लिहितोय. चिन्हं मात्र इंग्रजीत जिथे पडतात तिथेच ठेवली आहेत, तेव्हा नजर चिन्हांवर ठेवा.)

हे वाक्य चुकतं ते आपल्या ‘की’मुळे. ‘तो म्हणाला की मी उद्या येईन’ हे मराठीला अगदी सरळ वाटतं. ‘की’च्या पुढे त्या माणसाचे शब्द ‘मी’सकट जसेच्या तसे आले तरी कुणाला खटकत नाही. इंग्रजीत ‘दॅट’ आला की पुढचं बोलणं सांगणाऱ्याच्या तोंडी जातं. ‘आय’चा ‘ही’ होतो, ‘विल’चा ‘वुड’ होतो, बहुधा ‘टुमॉरो’चाही ‘द नेक्स्ट डे’ होतो आणि अवतरणचिन्हं गळून पडतात. मूळ शब्दच हवे असतील तर ‘दॅट’ काढायचा आणि स्वल्पविराम द्यायचा:

ही सेड, “आय विल कम टुमॉरो.”

‘दॅट’ आणि अवतरण कधीच एकत्र येत नाहीत असं मात्र नाही. उचललेला तुकडा आपल्या वाक्याच्या व्याकरणात बेमालूम बसत असेल तर चालतं:

द रिपोर्ट सेज दॅट द ब्रिज इज “अनसेफ फॉर हेवी व्हेइकल्स.”

इथे अवतरणाआधी स्वल्पविराम नाही आणि पहिलं अक्षर कॅपिटल नाही. पूर्ण वाक्य उचललं तर दोन्ही येतात. अवतरणाची ओळख करून देणारा भाग स्वतःच पूर्ण वाक्य असेल तर स्वल्पविरामाऐवजी कोलन (:) लागतो.

या चिन्हांची हमी एकच: आतले शब्द मूळ माणसाचे, शब्दाला शब्द. त्यात आपला हात लागला तर तो दिसला पाहिजे. मुळात ‘देम’ आहे आणि ते कोण हे वाचकाला कळणार नसेल, तर “वी विल सपोर्ट [द वर्कर्स] टिल द एंड” असं चौकटी कंसात लिहायचं. गोल कंस नको, तो मूळ लेखकाचा असू शकतो. मधले शब्द गाळले तर तीन टिंबं. अवतरणाच्या सुरुवातीला ती बहुतेकदा लागत नाहीत, कारण त्याआधी काहीतरी असणारच हे वाचक गृहीत धरतो. मुळातली चूक तशीच ठेवायची असेल तर तिच्यापुढे चौकटी कंसात ‘सिक’, म्हणजे ‘मुळात असंच आहे’. पण दुसऱ्याच्या प्रत्येक टंकदोषावर ‘सिक’ चिकटवणं हा खवचटपणा झाला. त्यापेक्षा आशय आपल्या शब्दांत सांगावा.

आता शीर्षकातला प्रश्न. अमेरिकी पद्धतीत पूर्णविराम आणि स्वल्पविराम कायम आत, मग तो मुळात असो वा नसो. ब्रिटिश पद्धतीत तो उद्धृत मजकुराचा असेल तर आत, आपल्या वाक्याचा असेल तर बाहेर.

अमेरिकी: शी कॉल्ड द प्लॅन “रिस्की,” बट साइन्ड इट.
ब्रिटिश: शी कॉल्ड द प्लॅन ‘रिस्की’, बट साइन्ड इट.

तर्काला ब्रिटिश रीत जास्त धरून आहे. तरीही ब्रिटिश कादंबरीत संवादानंतरचा ‘शी सेड’च्या आधीचा स्वल्पविराम आतच असतो, त्यामुळे ‘ब्रिटिश म्हणजे सगळं बाहेर’ असं पाठ करू नका. सूचना लिहिताना मात्र अमेरिकी रीत खरंच गोत्यात आणते: टाइप “एबीसी१२३.” असं लिहिलं तर पासवर्डात टिंब आहे की नाही हे वाचणाऱ्याने कसं ओळखायचं? अशा ठिकाणी टिंब बाहेर काढा, नाहीतर वाक्यच असं फिरवा की पासवर्ड शेवटी येणार नाही.

कोलन आणि सेमिकोलन (;) यांच्याबाबत वाद नाही, ते बाहेर. प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह अर्थ पाहून:

ही आस्क्ड, “आर यू रेडी?”
डिड ही से, “आय अॅम रेडी”?

पहिल्यात प्रश्न त्याचा, दुसऱ्यात आपला. दोन्हीकडे प्रश्न असला तरी चिन्ह एकच, आणि प्रश्नचिन्हापुढे आणखी पूर्णविराम ठोकायचा नाही.

संवादात सगळ्यात जास्त घसरण होते ती ‘शी सेड’पाशी:

“आय अॅम टायर्ड,” शी सेड.

इथे पूर्णविराम दिला तर ‘शी सेड’ लोंबकळत राहतं. ‘शी’चं पहिलं अक्षर लहान, आणि संवाद प्रश्नचिन्हाने संपला तरीही लहानच. याउलट “आय अॅम टायर्ड.” शी क्लोज्ड द डोअर. इथे पूर्णविरामच हवा, कारण दार लावणं ही बोलण्याची क्रिया नाही. ‘स्माइल्ड’चंही तेच: हसून शब्द बाहेर पडत नाहीत. संवाद मध्येच तोडला आणि वाक्य पुढे चालू असेल तर “आय न्यू,” शी सेड, “दॅट यू वुड कम.” असं, दुसऱ्या तुकड्याची सुरुवात लहान अक्षराने. बोलणारा बदलला की नवा परिच्छेद. एकाच माणसाचं बोलणं अनेक परिच्छेद चाललं तर प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला अवतरण उघडायचं, पण मिटायचं फक्त शेवटच्या परिच्छेदात. मधलं न मिटलेलं अवतरण पाहून मुद्रितशोधन करणाऱ्याचा हात शिवशिवतो. त्याला हात लावू नका.

अवतरणात अवतरण आलं तर अमेरिकेत बाहेर दुहेरी, आत एकेरी. ब्रिटिश प्रकाशक बरेचदा याच्या उलट करतात. मराठी छपाईत दुहेरी संवादाला आणि एकेरी सुट्या शब्दाला अशी वाटणी असते. अमेरिकी इंग्रजीत ती नेऊ नका, तिथे सुट्या शब्दालाही दुहेरीच. कविता, लेख, प्रकरण अशा छोट्या कृतींची नावं अवतरणात. पुस्तकं, नियतकालिकं, चित्रपट तिरप्या अक्षरांत.

शब्दावर जोर देण्यासाठी अवतरणं वापरणं हा तर घातच. “फ्रेश” असं अवतरणात लिहिलं की इंग्रजी वाचक त्याआधी मनात ‘तथाकथित’ जोडतो, म्हणजे ताजेपणाचीच शंका येते. जोर द्यायचा तर तिरपी अक्षरं वापरा. आणि आधी ‘सो-कॉल्ड’ लिहिलंच असेल तर पुन्हा अवतरण म्हणजे एकच टोमणा दोनदा.

लांब उताऱ्याला चिन्हं लागतच नाहीत; तो समासापासून आत सरकवून वेगळा मांडतात. किती लांब, हे शोधनिबंधांच्या लेखनशैलीवर ठरतं: एपीए शैलीत ही मर्यादा ४० शब्दांपासून सुरू होते, एमएलए शैलीत गद्याच्या चारपेक्षा जास्त ओळी, शिकागो शैलीत साधारण १०० शब्द. कंसातला संदर्भ ओळीतल्या अवतरणात मिटलेल्या चिन्हानंतर आणि पूर्णविरामाआधी येतो. सरकवलेल्या उताऱ्यात तो पूर्णविरामानंतर. या एका टिंबासाठी प्रबंध परत येतात.

राहिलं टंकन. कीबोर्डवरचं चिन्ह सरळ असतं आणि वर्ड ते आपोआप वळवतं. पण नव्वदच्या दशकासाठी ’९० असं लिहिताना आधी जागा मोकळी असल्यामुळे त्याला वाटतं अवतरण सुरू झालं, आणि पोट उलट्या बाजूला गेलेलं चिन्ह पडतं. तिथे लोपाचं चिन्ह (अॅपॉस्ट्रॉफी) हवं, म्हणजे मिटणाऱ्या एकेरी अवतरणासारखं. उपाय सोपा: ते चिन्ह सलग दोनदा टाइप करा आणि पहिलं पुसा. विंडोजवर ऑल्ट दाबून धरून अंकांच्या वेगळ्या कीपॅडवर ०१४७ आणि ०१४८ दाबलं की दुहेरी उघडतं-मिटतं, ०१४५ आणि ०१४६ ने एकेरी. प्रोग्रॅमच्या कोडमध्ये मात्र वळवलेली चिन्हं घुसली की तो सहसा चालतच नाही; वर्डमधून कोड चिकटवल्यावर एरर आली तर आधी तेच पाहा, आणि ती सरळ करून घ्या.